शंभर दिवसांची वही

१

गुरुवारी सकाळी सव्वानऊला अबूबकर मुकादमने विभागप्रमुखांच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं आणि तो जागच्या जागी थिजला. मधल्या खणात नोंदवही नव्हती.

बाकी सगळं जसंच्या तसं होतं. काढलेल्या रसायनाच्या नमुन्यांच्या सहा बाटल्या, यंत्राच्या नकाशांची भेंडोळी, समितीसाठी टाइप केलेला अहवाल. कुलूप शाबूत होतं, कडीवर साधा ओरखडाही नव्हता. फक्त वही गेली होती, आणि ती जिथे असायची तिथे पत्र्यावर एक तपकिरी डाग होता.

अबूबकर या रासायनिक अभियांत्रिकी विभागाचा स्टोअरकीपर. विद्यापीठाने १९६२ साली खोपोलीच्या शिळफाट्यापासून अर्ध्या मैलावर हा विभाग उघडला तेव्हा पहिली काचेची नळी त्याच्याच हातून पेटीबाहेर निघाली होती. आजूबाजूला कारखाने येताहेत, मुलं कारखान्यांच्या सावलीत शिकतील, असं तेव्हा भाषणात सांगितलं होतं. बारा वर्षांत कारखाने आले, पण विभाग वाढला नाही. आता बावीस विद्यार्थी होते, दोनच अध्यापक उरले होते, आणि छपराचे पत्रे पावसाळ्यात बादल्या मागत होते. मुंबईचे वरिष्ठ तीन वर्षं एकच पालुपद लावून बसले होते : एवढ्या लांब हा पांढरा हत्ती कशाला?

शेवटी त्यांनी एक अट घातली. विभागाने स्वतः उभारलेलं यंत्र सलग शंभर दिवस चालवून दाखवा, मग बघू.

विभागप्रमुख डॉ. रिसबूड यांनी भाताचा तूस निवडला. कर्जतच्या भातगिरण्यांबाहेर त्याचे डोंगर पडलेले असत. तूस सौम्य आम्लात भिजवायचा, वाफेवर शिजवायचा आणि त्यातून फरफ्युरल नावाचं तेलासारखं रसायन काढायचं. कारखाने ते परदेशातून आणत. एक जुलैला यंत्र सुरू झालं. मंगळवारी, आठ ऑक्टोबरला, शंभरावा दिवस भरला. शनिवारी समिती येणार होती, आणि रोजचं तापमान, वाफ आणि निघालेल्या रसायनाचा उतारा यांची एकमेव नोंद त्या वहीत होती.

रिसबूड आत आले. उंच, किंचित वाकलेले, सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ. त्यांनी रिकाम्या खणाकडे पाहिलं आणि खुर्चीचा हात धरून खाली बसले.

"मी सोमवारी शेवटची पाहिली होती," ते म्हणाले. "त्यानंतर माझा हातसुद्धा लागलेला नाही."

"सर, किल्ल्या दोनच. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे."

रिसबूड उठून टाइपरायटरपाशी गेले. तासाभराने त्यांनीच अबूबकरच्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला. किल्ली ज्याच्या ताब्यात होती त्याने शनिवारी सकाळी दहापर्यंत लेखी खुलासा द्यावा, अन्यथा निलंबन.

"मला इलाज नाही, अबूभाई," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

२

रमजान चालू होता. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यातून खाली झिरपत होतं आणि घशाला कोरड पडली होती. अबूबकर स्टोअरमध्ये आम्लाच्या मोठ्या काचेच्या बरण्यांच्या रांगेत स्टुलावर बसून राहिला. बारा वर्षांत त्याच्या ताब्यातली एक परीक्षानळी हरवली नव्हती, आणि आता चोर म्हणून नाव निघणार होतं. घरी बायकोला, रहिमाला, तोंड कसं दाखवायचं? मुंबईला ट्रंककॉल लावून पाहिला, तर पाऊण तासाने 'लाइन बिझी' म्हणून सांगितलं. कुणाशी बोलायचं, कुणाला पटवायचं, काही कळेना. शेवटी तो उठला. खुलासा द्यायचाच तर खऱ्या चोराच्या नावाचा द्यायचा.

सगळ्यात आधी शकू भोईर. कशेळ्याच्या पुढच्या एका गावातल्या भातशेतीवाल्याची ही मुलगी विभागातली पहिली संशोधक विद्यार्थिनी होती. यंत्र तीच चालवायची आणि नोंदी तीच लिहायची. वही गेली तर तिचा प्रबंधही गेला. ती यंत्राच्या ओट्यावर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

"मंगळवारी तू वही माझ्यासमोर कपाटात ठेवलीस," अबूबकर म्हणाला. "त्याआधी माझ्याकडून टिपकागद नेलास. कशाला?"

"चाचा, रागावू नका. शेवटची नोंद घेतली आणि भांडं उपडं झालं. फरफ्युरल वहीच्या पुठ्ठ्यावर सांडलं. पुसलं, पण पुठ्ठा आतपर्यंत भिजला होता. सरांना सांगायचा धीर नाही झाला."

"म्हणून कपाटात डाग पडला. मंगळवारी संध्याकाळी सांडलं, नक्की?"

"साडेपाचला. मग मी भिंतीवरच्या आलेखावर शंभरावा ठिपका दिला आणि घरी गेले."

आलेख समोरच्या भिंतीवर होता. मोठ्या कागदावर खाली तारखा आणि वर शंभर काळे ठिपके, मुंग्यांची रांग चालावी तसे एकामागोमाग एक. समितीला आत शिरताच दिसावा म्हणून रिसबुडांनी तो सोमवारी काढायला घेतला होता.

"वहीत असं काही होतं का, की ती कुणाला नकोशी व्हावी?"

शकूने त्याच्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली.

"आकडे होते, चाचा. नुसते आकडे."

ती खोटं बोलत होती. तिला दोन वर्षं रोज पाहणाऱ्या अबूबकरला ते समजायला वेळ लागला नाही. पण तो पुन्हा विचारणार तोच दाराशी कुणाचा तरी घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मुकादम," प्रा. सामंत म्हणाले, "मुलीला दमात घेण्यापेक्षा आपल्या खुलाशाचं बघा."

३

सामंतांचा या जागेवरचा राग सगळ्यांना माहीत होता. घर दादरला, बायकामुलं तिथे, आणि हे रोज पहाटे उठून घाट चढायच्या आधीच्या या गावात. विभाग बंद झाला तर त्यांची बदली आपोआप मुंबईला होणार होती. शिवाय बुधवारी दुपारी अबूबकर नमाजाला गेला तेव्हा किल्ली स्टोअरच्या खणात होती, आणि त्याच वीस मिनिटांत सामंतांना प्रमुखांच्या खोलीतून फुगलेली चामडी बॅग घेऊन बाहेर पडताना शकूने पाहिलं होतं आणि सकाळीच अबूबकरला सांगितलं होतं. रिसबूड तेव्हा खोलीत नव्हते.

तासाभराने अबूबकर सामंतांच्या टेबलासमोर उभा राहिला. "बॅगेत काय होतं, सर?"

"तुम्ही मला विचारताय?" सामंतांचा चेहरा लाल झाला.

"शनिवारी माझी नोकरी जायचीय. विचारणारच."

अबूबकरने खिशातून एक डबी काढली. ॲनिलिन आणि ॲसेटिक आम्लात बुडवलेल्या गाळणकागदाच्या पट्ट्या त्याने मधल्या वेळात तयार केल्या होत्या. दुसऱ्या वर्षाची मुलं हाच प्रयोग करत, आणि त्यासाठी लागणारी बाटली बारा वर्षं त्याच्याच हातून जात होती. फरफ्युरलचा नुसता अंश लागला तरी पट्टी गुलाबी व्हायची, मग लाल.

"वहीचा पुठ्ठा त्या रसायनाने ओला होता. वही ज्या बॅगेत गेली ती बॅग ओरडून सांगेल. तुमची दाखवा."

सामंतांनी बॅग टेबलावर आपटली. अबूबकरने आतल्या अस्तरावर, कोपऱ्यांत, शिवणीत पट्टी दाबली. दोघेही बघत राहिले. पट्टी पांढरीच राहिली. दुसरी दाबली. तीही पांढरी.

"झालं समाधान?" सामंत खुर्चीत बसले. राग ओसरून त्यांचा आवाज एकाएकी थकलेला वाटला. "बॅगेत माझे अर्ज होते. खोलीतल्या टाइपरायटरवर टाइप केले. मुंबईच्या एका कंपनीत मला जागा मिळाली आहे, एक तारखेपासून. विभाग राहो की बुडो, मी चाललोय. हे बुडतं जहाज भोक पाडून बुडवायची मला गरज काय? आणि मुकादम, डोकं चालवा जरा. मला विभाग बुडवायचा असता तर मी नमुने नेले असते, नकाशे नेले असते, अहवाल फाडला असता. चोराने नुसती वही नेली. त्याला यंत्राचं वाईट करायचं नव्हतं. त्याला त्या वहीची भीती होती."

हे बोलणं अबूबकरला लागलं, कारण ते खरं होतं.

तेवढ्यात रिसबूड व्हरांड्यातून आले. सामंत टोमणा मारायची संधी थोडीच सोडणार होते! "सर, मुकादम बॅगा तपासताहेत. माझी झाली. आता तुमची पिशवी द्या, म्हणजे न्याय सगळ्यांना सारखा."

"मी आज पिशवी आणलीच नाही," रिसबूड म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांच्या हातात जेवणाचा डबा होता, नुसताच कडीला धरलेला.

अबूबकर त्या डब्याकडे पाहत राहिला. कर्जतहून गाडीने येणारा हा माणूस बारा वर्षं निळ्या कापडी पिशवीशिवाय स्टेशनाबाहेर पडला नव्हता.

४

मागच्या शेडमध्ये गोमा बॉयलर पुसत होता. सरकारी परवाना असलेला हा बॉयलरवाला पन्नाशीचा, खालापूरकडच्या खेड्यातला, अबूबकरच्याच वयाचा. कोळशाने काळवंडलेले हात त्याने फडक्याला पुसले, पण वर पाहिलं नाही.

"गोमा, बुधवारी काय झालं?"

"मला काय ठावं नाय."

"वही चोरीला गेली ते तरी ठाऊक आहे ना?"

"माजा काय संबंध? मी बॉयलर चालवतो. ट्यूब फुटली तवा मीच बोंबलत होतो, कुणी ऐकलं? तुमीच तीन वेळा मागणी धाडली, आली का वेळेवर? आता वही गेली म्हणून गोमाला धरा."

ट्यूब! अबूबकर जागीच थांबला. ऑगस्टमध्ये बॉयलरची नळी फुटली होती हे सगळ्या विभागाला माहीत होतं. मागणीपत्रं त्याने स्वतः लिहिली होती, आणि एकालाही उत्तर आलं नव्हतं. शेवटी गोमानेच खोपोलीतल्या एका कारागिराकडून जोड लावून आणला, तेव्हा कुठे शेगडी पेटली.

"बॉयलरचं बुक काढ."

गोमाने फडताळातून तेलकट पुस्तक काढलं. दर पानावर त्याची वेडीवाकडी सही होती. अबूबकरने ऑगस्टचं पान उलटलं. सहा तारखेपासून चोवीस तारखेपर्यंत एकच शब्द खाली खाली लिहिला होता : बंद. बंद. बंद.

एकोणीस दिवस बॉयलर बंद होता. बॉयलर बंद म्हणजे वाफ नाही, आणि वाफ नाही म्हणजे फरफ्युरलचा थेंब नाही.

आणि भिंतीवर शंभर ठिपके होते, एकही न चुकता.

त्याला स्वतःचाच संताप आला. सोमवारपासून रोज त्या भिंतीसमोरून जायचं, बॉयलर बंद होता हेही ठाऊक, आणि दोन्ही गोष्टी एकाशेजारी एक ठेवून बघायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

"गोमा, हे पुस्तक कुणी मागितलं होतं का?"

 गोमा फडकं खाली टाकून उकिडवा बसला.

"तुमाला नाय सांगायचं असं ठरवलं हुतं. मोठ्या साहेबांनी माज्या पोराला आयटीआयला लावलंय. पन तुमच्यावर आळ घेतला ते काय बरं नाय झालं." त्याने दाराकडे पाहिलं. "बुधवारी टपाल आलं. तुमीच सही करून घेतलं ना?"

"रजिस्टर पत्र होतं. सरांच्या टेबलावर ठेवलं."

"त्या पत्रात हुतं म्हनं, समिती बॉयलरचं बुकबी बगनार. साहेब हितं आले. म्हनाले, गोमा, पावसात पुस्तकं भिजतात, तुजंबी भिजलं असंल. मी म्हनलं, नाय साहेब, त्यावर इन्स्पेक्टरचा शिक्का हाय. ते गेलं तर माजं लायसन जातंय. मग त्ये तसेच गेले."

अबूबकरच्या लक्षात आलं. चोरायचं होतं बॉयलरचं पुस्तक. ते मिळालं नाही, म्हणून दुसरी वही नाहीशी झाली. दोन्ही समोरासमोर आली असती तर खोटं उघड झालं असतं, आणि दोहोंतली एक नसली की दुसरी मुकी.

पण एवढ्यावरून कुणाला चोर म्हणता येत नाही. त्याला ती पिशवी हवी होती.

५

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून अबूबकरने कर्जतची गाडी पकडली. रिसबूड कर्जतच्या भिसेगावात राहत, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. ते विभागातच असणार हे त्याला माहीत होतं. दार वहिनींनी, रिसबुडांच्या पत्नीने, उघडलं.

"अहो भाई, या ना! एवढ्या उन्हात? सरबत करू का?" आणि मग जीभ चावून, "अगं बाई, तुमचा रोजा. विसरलेच. बसा तरी."

"वहिनी, सरांची निळी पिशवी हवी होती. कामाची."

"ती होय? घ्या की. बुधवारपासून खुंटीला लटकतेय. म्हणाले, धुऊन टाक, पण मला कुठे सवड झाली! आणि बघा तरी, तळाला काय सांडलंय कोण जाणे. कडू बदामाचा वास मारतोय. मी विचारलंही, शिरा कुठे खाऊन आलात माझ्याशिवाय?"

त्या हसल्या. अबूबकरला हसता येईना. त्याने पिशवी उलटी केली, तळाच्या तपकिरी डागावर पट्टी दाबली आणि उचलली.

पट्टी आधी फिकट गुलाबी झाली आणि मग बघता बघता कुंकवासारखी लाल.

रिसबूड गुरुवारी कपाटासमोर म्हणाले होते, सोमवारनंतर वहीला हात लावला नाही. पण सोमवारी पुठ्ठा कोरडा होता. रसायन मंगळवारी साडेपाचला सांडलं आणि त्यानंतर शकूने वही अबूबकरसमोर कपाटात ठेवली. ती या पिशवीत आली असेल तर मंगळवारच्या संध्याकाळनंतरच, आणि कुलूप न फोडता. स्वतःच्या किल्लीने.

"भाई, काय झालं? तुमचा चेहरा असा का झाला?"

"काही नाही, वहिनी. ऊन लागलं."

मागून फाटक वाजलं. रिसबूड लवकर घरी आले होते. दारात अबूबकर, त्याच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लाल पट्टी. त्यांनी ती पट्टी पाहिली. तिचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला कळणार होता?

"तू जरा आत जा," ते बायकोला म्हणाले.

६

दोघे मागच्या अंगणात बसले. रिसबुडांनी काही नाकारलं नाही.

"शकू आईच्या काविळीसाठी गावी गेली होती," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी ट्यूब फुटली. छत्तीस दिवस झाले होते, अबूभाई. सलग शंभरची अट. खंड पडला तर पहिल्यापासून मोजायचं, आणि तोवर वर्ष संपलं असतं. मी मागणीपत्रांवर सह्या करत बसलो, वरून उत्तर नाही. एके दिवशी दुपारी बसलो आणि पुढच्या नोंदी लिहिल्या. मागच्या दिवसांसारख्याच, थोड्या इकडेतिकडे. रोज एक. वाटलं, आज ट्यूब येईल, उद्या येईल. असे एकोणीस दिवस."

"शकूला माहीत होतं?"

"माझं अक्षर तिने पाहिलं. विचारलं नाही. मीही सांगितलं नाही."

"आणि वही नाहीशी झाली म्हणजे समिती म्हणणार, बिचाऱ्यांची चोरी झाली, मुदत द्या."

"मुदत मिळाली असती. खरे शंभर दिवस करून दाखवले असते." ते म्हणाले. "चाळीस वर्षं हा विषय शिकतोय नि शिकवतोय. मुलाला एक आकडा खोटा लिहिला म्हणून मी वर्गाबाहेर काढलंय. तुम्ही समजता तेवढं सोपं नव्हतं ते."

"मला काही सोपं वाटत नाही, सर." अबूबकरचा इतका वेळ दाबून ठेवलेला राग आता वर आला. "मला एवढंच सांगा, खुलाशाच्या कागदावर माझं नाव टाइप करताना हात कापला का?"

रिसबुडांनी चष्मा काढून हातात धरला.

"मुकादम आहे, किल्ली त्याच्याकडे आहे, लोक पटकन मानतील. असंच ना? रहिमा काल रात्रभर रडली. बारा वर्षं मी तुम्हाला माझ्या थोरल्या भावाच्या जागी धरलं."

"मी तुम्हाला नंतर सोडवलं असतं."

"कसं? आणखी एक खोटं लिहून?"

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. वहिनी ऐकत असणार.

"वही कुठे आहे? जाळली?"

"नाही." रिसबुडांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "बंब पेटवला होता. जमलं नाही. एक्क्याऐंशी दिवस त्या पोरीचे खरे आहेत हो त्यात."

"मग उद्या दहा वाजता ती तुमच्या हातांनी समितीच्या टेबलावर ठेवा. नाहीतर मी माझा खुलासा देईन, आणि त्यासोबत ही पट्टी. मला तसं करायचं नाही. पण करीन."

अबूबकर उठला. फाटक ओढून घेऊन तो स्टेशनाकडे निघाला.

७

शनिवारी समितीची जीप दहाऐवजी पावणेबाराला आली. अध्यक्षांनी आलेखाकडे पाहून छान छान म्हटलं, घड्याळ पाहिलं आणि चहा मागितला. अबूबकर दाराशी उभा होता. खुलाशाचा लिफाफा त्याच्या खिशात होता, आणि बोटं त्यावरून सारखी फिरत होती.

रिसबूड उभे राहिले. दोन रात्री झोपले नसावेत. त्यांनी वही टेबलावर ठेवली.

"सहा ते चोवीस ऑगस्टच्या नोंदी खोट्या आहेत," ते म्हणाले. "त्या मी लिहिल्या. या मुलीचा त्यात संबंध नाही. वही लपवली तीही मीच. स्टोअरकीपरना दिलेला कागद मी मागे घेतो."

सामंतांनी हातातली बशी खाली ठेवली.  मग शकू पुढे झाली, तिने वही उघडली आणि एकोणीस पानं एक एक करून सगळ्यांसमोर तिरप्या रेघेने खोडली. प्रत्येक रेघ सरळ आली.

"बाकीचे एक्क्याऐंशी दिवस?" समितीतल्या एका वयस्कर सभासदाने विचारलं.

"खरे आहेत. यंत्र आत्ता चालवून दाखवते. कुठल्याही दिवसाचा उतारा पडताळून बघा."

"आणि बॉयलर एकोणीस दिवस बंद का राहिला?"

अबूबकरने न विचारता तिन्ही मागणीपत्रांच्या प्रती पुढे केल्या. वयस्कर सभासदाने त्या वाचल्या आणि अध्यक्षांकडे सरकवल्या. अध्यक्षांनी न वाचताच त्यांची घडी घातली. "हे आमच्याकडे पोचलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "निर्णय यथावकाश कळवू. यंत्र राहू द्या आता, आम्हाला पुढच्या कामाला घाट चढायचाय."

जीप धुरळा उडवत गेली. गोमाने सकाळपासून वाफ तयार ठेवली होती. ती तशीच सुसाट सोडून द्यावी लागली.

ईद आली. दरवर्षी शीरखुर्म्याला येणारे रिसबूड आले नाहीत. वहिनी एकट्या आल्या, रहिमाचा हात हातात धरून बसल्या आणि डोळे पुसत गेल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. पुढच्या जूनपासून विभागात नवे प्रवेश बंद. आहेत त्या विद्यार्थ्यांचं शिक्षण पुरं झालं की विभाग गुंडाळायचा. डॉ. रिसबुडांनी समितीनंतर पाठवलेला राजीनामा वर्षअखेरीपासून मंजूर. खोट्या नोंदींबद्दल एक शब्दसुद्धा नव्हता. सोबत विद्यापीठाच्या ठरावाची प्रत जोडलेली होती. अबूबकरने ती शकूसमोर दोनदा वाचली, मग बोट ठेवून तारीख दाखवली.

ठराव नऊ ऑक्टोबरचा होता. बुधवारचा. समिती येण्याच्या तीन दिवस आधीचा.

"म्हणजे शंभर खरे असते तरी?" शकू म्हणाली.

"तरी."

"आणि सरांनी वही उचलली तेव्हा..."

"तेव्हा मुंबईत सगळं ठरून गेलं होतं, पोरी. कशासाठी चोरी केली आणि कशासाठी मी धावलो, देव जाणे."

शकू भिंतीजवळ गेली आणि तिने आलेख खाली उतरवला. फाडून टाकील असं अबूबकरला वाटलं. तिने तो टेबलावर पसरला, खोडरबर घेतलं आणि सहा ऑगस्टपासून एक एक ठिपका घासायला लागली. शाई निघेना, तेव्हा पात्याने खरवडला.

"चाचा, आम्ल आहे का स्टोअरमध्ये?"

"आहे की. कशाला?"

"विभाग बंद व्हायला अजून दीड वर्ष आहे. एकोणीस दिवस राहिलेत माझे."

"आता कुणी मागत नाही ते."

"माझ्या प्रबंधाला लागतात. आणि मला लागतात."

अबूबकरने किल्ल्या काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाने शेगडी पेटवली, तूस भरला आणि नऊच्या सुमारास वाफेचा काटा वर चढू लागला. शकू नवी कोरी वही घेऊन ओट्यावर बसली होती. सामंत मुंबईला गेले होते, त्यामुळे तापमापी वाचायला दुसरं कुणी नव्हतं.

दारात पावलं वाजली. रिसबूड उभे होते, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. आत यावं की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हतं. अबूबकरने त्यांच्याकडे पाहिलं. राग अजून होता, आणि तो इतक्यात जाणारही नव्हता. पण तो बाजूला सरला आणि वाट दिली.

रिसबूड यंत्रापाशी आले. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"आजची नोंद मी लिहू का?"

शकूने मान हलवली. वही तिने मांडीवरून जरासुद्धा हलवली नाही.

"नाही, सर. तुम्ही वाचा. मी लिहिते."

रिसबुडांनी पेन खिशात परत ठेवलं, चष्मा पुसला आणि तापमापीवर वाकले.

"एकशे एकावन्न," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा नीट पाहून, "नाही, थांब. दीडशेच."

तिने दीडशे लिहिले.